अंगाला न लागणारे अन्न : सिलिअ‍ॅक आजाराचा इतिहास

"डॉक्टर, पोरगं खातं, पण अंगाला लागत नाही." ही तक्रार तुम्हीही कधी केली असेल. बहुतेक वेळा मूल ठणठणीत असते. पण उंची-वजनाची रेषा वाढीच्या तक्त्यावर खाली घसरत असेल, पोट फुगत असेल, वरचेवर जुलाब होत असतील किंवा लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नसेल, तर सिलिअ‍ॅक आजाराचा विचार करावा लागतो. या आजाराचा इतिहास कळला की तपासणीतली एक मोठी चूक टळते.

सुमारे दुसऱ्या शतकात अरेटिअस या ग्रीक वैद्याने अन्न न पचता तसेच बाहेर पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. 'पोट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आजाराला नाव मिळाले. १८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी लहान मुलांतील आजाराचे नेमके वर्णन करून लिहिले की, रुग्ण बरा होणार असेल तर आहारानेच. दिशा अचूक होती, पण त्यांनी भात वर्ज्य सांगितला आणि पातळ कापून खरपूस भाजलेला पाव चालेल म्हटले! आज आपण याच्या अगदी उलट सांगतो.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. खरे तर त्या आहारात पाव नव्हता.

हे कोडे सोडवले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांनी. गव्हाबद्दलची शंका त्यांना महायुद्धाआधीच आली होती. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले खंगत असताना ही मुले मात्र सुधारली. पाव परत आला आणि दुखणेही परतले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन दोषी ठरवले. पुढे लहान आतड्याच्या अस्तराची हानी दिसून आली. हे अस्तरच खराब झाल्याने खाल्लेले अंगाला लागत नाही.

आता ती चूक. शंका आली की काही पालक लगेच पोळी बंद करतात. मूल सुधारते, पण आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते, रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात आणि तपासणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. मग आयुष्यभराचे पथ्य केवळ अंदाजावर पाळायचे का?

म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. गहू चालू असतानाच टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या रक्तचाचण्या करा. त्यानंतर गरजेप्रमाणे एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा तपासला जातो. निदान पक्के झाले तर घाबरू नका. गहू, रवा, मैदा, सातू बंद; ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आणि भात चालू. पीठ मात्र वेगळ्या गिरणीतून किंवा घरीच दळा, आणि हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले नाही ना, तेही पाहा.