माळढोक आणि सातबारा

सोलापुराहून बार्शीकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. तिथल्या माळावर एके काळी माळढोक हमखास दिसे. मीटरभर उंचीचा पक्षी, नराचे वजन दहा-पंधरा किलो. पण मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. देह मोठा, संसार बेताचा!

१९७२च्या दुष्काळाच्या सुमारास पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या माळढोकांकडे लक्ष वेधले. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात वनखात्याने माळाचे काही तुकडे राखले, गवत वाढले, पक्ष्याला आसरा मिळाला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. इथवर सारे ठीक. घोटाळा झाला तो नकाशावर.

क्षेत्र धरले ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठे! मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदे, नेवासे असे तालुके त्यात आले. वनखात्याची जमीन त्यात थोडकी. बाकी लोकांची शेते, गायराने, गावठाणे. जमिनीचा व्यवहार म्हणा, बांधकाम म्हणा, अभयारण्याचा अडसर आलाच.

पक्षीमित्र म्हणत, माळढोक काही हद्दीचे दगड पाहत नाही. तो ज्वारीच्या रानातही टोळ टिपतो, तेव्हा क्षेत्र मोठेच हवे. हे खरेच होते. पण शेतकऱ्याने विचारले, पाखरू आजवर आमच्याच रानात वावरले ना? मग शिक्षा आम्हाला का? याला कोणापाशी धड उत्तर नव्हते. रानात माळढोक दिसला तर सांगावे की गप्प बसावे, असा पेच शेतकऱ्याला पडावा, ही माझ्या मते सर्वांत मोठी हानी.

धनगरांची कुरणे बंद झाली ती वेगळीच. वास्तविक फार उंच गवत माळढोकाला मानवत नाही. बेताची चराई त्याला सोयीचीच. उलट माळ म्हणजे ओसाड जागा समजून गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, आणि मोकळ्यावर लांबवर पाहणाऱ्या पक्ष्याची दृष्टीच अडली.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, सातबारे मोकळे झाले. पण मधल्या काळात, १९८०मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी फिरले होते. ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला होता. उसात माळढोक उतरत नाही. नान्नजच्या गवतात आज काळविटांचे कळप दिसतात, लांडगाही दिसतो. माळढोक मात्र क्वचितच, आणि तोही एकटा.