जुन्या लॅपटॉपची निवृत्ती

जुन्या लॅपटॉपची निवृत्ती म्हणजे लॅपटॉप संगणक नियमित कामातून काढून घेणे, त्यातील माहिती अन्यत्र हलवणे, साठवण-माध्यम पुसणे आणि यंत्र पुनर्वापरासाठी किंवा पुनर्चक्रीकरणासाठी सुपूर्द करणे ही प्रक्रिया होय. पडद्यातील बिघाड हे अशा निवृत्तीचे एक सर्वसामान्य कारण आहे. पडदा बंद पडला तरी प्रोसेसर, मेमरी व साठवण-माध्यम बहुधा शाबूत राहतात. त्यामुळे अंधारलेला लॅपटॉप निकामी समजून भंगारात दिल्यास त्यातील छायाचित्रे, कागदपत्रे व जतन केलेले पासवर्ड परक्याच्या हाती जाऊ शकतात.

बिघाडाचे निदान

लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यात द्रव-स्फटिकांचे पॅनेल आणि त्यामागे प्रकाश देणारा दिवा (बॅकलाइट) असे दोन मुख्य भाग असतात. पडद्यावर विजेरीचा झोत टाकल्यावर पुसट चित्र दिसल्यास दोष बॅकलाइटमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता असते. झाकण कमी-अधिक उघडताना चित्र लुकलुकत असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घेतला जातो. एकाच जागी स्थिर राहणाऱ्या उभ्या रेषा बहुधा पॅनेलमधील दोष दर्शवतात. बाह्य मॉनिटर जोडल्यावर त्यावरही चित्र विस्कटलेले दिसल्यास दोष पडद्यात नसून ग्राफिक्स चिप किंवा मदरबोर्डमध्ये असू शकतो.

दुरुस्ती व पर्यायी वापर

केबल बदलणे हे पॅनेल बदलण्यापेक्षा सामान्यतः स्वस्त पडते. दुरुस्तीचा निर्णय घेताना यंत्राचे वय, सुटे भाग मिळण्याची शक्यता आणि कार्यप्रणालीला मिळणारी सुरक्षा-अद्यतने विचारात घेतली जातात. उदाहरणार्थ, विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसवून त्याचे आयुष्य वाढवता येते.

बाह्य मॉनिटर जोडून लॅपटॉप मेजावरील संगणकासारखा वापरता येतो. पडद्याविना तो घरगुती सर्व्हर म्हणूनही चालू शकतो. अशा वेळी त्याचे नियंत्रण नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाद्वारे केले जाते. मात्र सतत पूर्ण चार्ज अवस्था आणि उष्णता यांमुळे लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते. ती फुगल्यास टचपॅड किंवा कळफलक वर उचलला जातो. फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा तशीच वापरत राहणे धोकादायक असते, कारण तिला आग लागू शकते.

माहितीचे स्थलांतर

बाह्य मॉनिटरवर चित्र दिसत असल्यास माहितीची प्रत नेहमीच्या पद्धतीने काढता येते. अन्यथा साठवण-माध्यम बाहेर काढून ते यूएसबी आवरणाद्वारे दुसऱ्या संगणकास जोडले जाते. काही लॅपटॉपांत साठवण-चिप मदरबोर्डवरच डाखलेली असल्याने हा मार्ग उपलब्ध नसतो. माध्यम बिटलॉकरसारख्या प्रणालीने कूटबद्ध केलेले असल्यास दुसऱ्या संगणकावर ते उघडण्यासाठी सामान्यतः ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आवश्यक असते. ही किल्ली हरवल्यास माहिती मालकालाही अप्राप्य होते.

माहिती पुसणे

फाइल हटवल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने मूळ माहिती लगेच नष्ट होत नाही. प्रामुख्याने तिची नोंद काढून टाकली जाते. हार्ड डिस्कवरील संपूर्ण जागेत नवी माहिती लिहिल्यास जुनी माहिती परत मिळवणे व्यवहारतः अशक्य होते. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये लेखन सर्व पेशींवर समान वाटले जात असल्याने काही जुने भाग या पद्धतीतून सुटू शकतात. त्यासाठी ड्राइव्हमधील सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरली जाते किंवा कूटबद्ध माध्यमाची किल्ली नष्ट केली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या (निस्ट) ८००-८८ या मार्गदर्शिकेत साफ करणे, निर्मूलन आणि नाश असे तीन स्तर सांगितले आहेत. बंद पडलेले माध्यम आज्ञेने पुसता येत नसल्याने त्याचा भौतिक नाश करावा लागतो.

ई-कचरा व कायदा

२०२२ मध्ये जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यांपैकी २२.३ टक्के कचऱ्याचेच औपचारिक संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद जागतिक ई-कचरा अहवालात (२०२४) आहे. एलईडी येण्यापूर्वीच्या पडद्यांतील बॅकलाइट नलिकांमध्ये अल्प प्रमाणात पारा असतो. अनौपचारिक भंगार व्यवसायात तारा जाळल्याने आणि सर्किट बोर्डांवर आम्ल वापरल्याने कामगारांच्या आरोग्यास तसेच हवा, माती व पाण्यास हानी पोहोचते. दिल्लीतील सीलमपूर हे अशा व्यवसायाचे परिचित केंद्र आहे.

भारतात ई-कचऱ्यासाठीचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ रोजी लागू झाले. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांनुसार उत्पादकांवर विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व असून पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. लॅपटॉपचा समावेश या नियमांच्या अनुसूचीत आहे. बॅटऱ्यांसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ स्वतंत्रपणे लागू आहेत.