उद्गारांतील इतिहास

समाजाचा इतिहास आपण सनावळ्यांत शोधतो. पण नकळत तोंडून निघणाऱ्या उद्गारांतही तो जपलेला असतो. स्लोवाक भाषा याचे उत्तम उदाहरण होय. इ.स. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक महामोराव्हियात आले. पुढे ख्रिस्ती श्रद्धा त्या प्रदेशाच्या घरगुती बोलण्यात इतकी मुरली, की थक्क झालेला स्लोवाक माणूस आजही ‘येझिश्मारिया!’ म्हणतो. येशू आणि मारिया ही दोन नावे त्यात एकजीव झाली आहेत. ‘प्रेबोहा!’ म्हणजे शब्दशः ‘देवासाठी!’. निव्वळ नवल वाटले तर ‘फीहा!’, आणि ऐकलेले खरे वाटेना तर ‘फाक्त?’, म्हणजे आपले ‘खरंच?’. हा शेवटचा शब्द मूळचा लॅटिन.

१९४८ साली चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट आली. एप्रिल १९५० मध्ये तिने पुरुषांचे मठ बळाने बंद केले आणि निरीश्वरवादाचा पुरस्कार चालवला. १९८९ मध्ये ती राजवट गेली. उद्गार मात्र राहिले. ते उच्चारणारा प्रत्येक जण श्रद्धाळू असतोच असे नाही. आम्हां स्थलांतरितांच्या घरांतही ‘अरे देवा!’ असाच पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. मठांना कुलपे लावता येतात. दचकलेल्या माणसाच्या जिभेला ती लावता येत नाहीत.