बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स आणि त्याची कन्या

युरोपच्या मध्ययुगीन इतिहासांत राजाला भारी झालेले सरदार पुष्कळ आढळतात. परंतु बर्गंडीच्या ड्यूकांएवढें वैभव त्यांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास आलें. फ्रान्सचा राजा जॉन यानें १३६३ सालीं आपला धाकटा मुलगा फिलिप यास बर्गंडीचा प्रांत तोडून दिला. पुढील शतकांत विवाह, वारसा, खरेदी व युद्ध अशा नाना मार्गांनीं फिलिपच्या वंशजांनीं फ्लँडर्स, आर्त्वा, ब्राबंट, हॉलंड, लक्झेंबर्ग इत्यादि संपन्न मुलूख जोडले. गेंट व ब्रूज येथील विणकर व व्यापारी यांच्या पैशावर या घराण्याचा दरबार असा शोभूं लागला कीं, त्यापुढें खुद्द फ्रान्सच्या राजाचा दरबार फिका पडे. उणीव एकच होती. एवढ्या मुलुखाचा धनी असूनहि ड्यूकाच्या मस्तकीं राजमुकुट नव्हता. कांहीं प्रांतांपुरता तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, तर कांहींपुरता जर्मन बादशहाचा. ही उणीव भरून काढण्याच्या ध्यासांत या घराण्याच्या चौथ्या ड्यूकाचा, चार्ल्सचा, अंत झाला. त्याचें चरित्र पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस तें त्याच्या कन्येच्या चरित्रावांचून अपुरें वाटतें, म्हणून येथें दोन्ही एकत्र सांगण्याचें योजिलें आहे.

चार्ल्सचा जन्म नोव्हेंबर १४३३ मध्यें दिझाँ येथें झाला. त्याची आई इझाबेला ही पोर्तुगालची राजकन्या. ज्या राजपुत्र हेन्रीनें आफ्रिकेच्या किनाऱ्यानें गलबतें धाडण्याचा उपक्रम चालविला, आणि ज्यानें दाखविलेल्या वाटेनें पोर्तुगीज अखेर आमच्या गोमंतकास येऊन पोंचले, त्या हेन्रीची ही सख्खी बहीण. चार्ल्सचा बाप विलासी होता. मुलगा तसा नव्हता. तो कष्टाळू व मिताहारी असून संगीताचा त्यास मनापासून नाद होता. ठरलेल्या दिवशीं गोरगरिबांचे अर्ज तो स्वतः बसून ऐकत असे. अलेक्झांडर, हॅनिबल व सीझर यांचीं चरित्रें त्यास फार प्रिय होतीं. हट्ट व कोप हे त्याचे दोष, आणि त्यांना आवर घालूं शकेल असा माणूस त्याच्याजवळ कोणीच नव्हता.

त्याचे तीन विवाह झाले. फ्रान्सची राजकन्या कॅथरिन ही त्याची बालपणींची वधू १४४६ सालीं वारली. १४५४ सालीं बूर्बों घराण्यांतील इझाबेला हिच्याशीं त्याचें लग्न झालें, आणि १३ फेब्रुवारी १४५७ रोजीं ब्रुसेल्स येथें मेरी जन्मास आली. हेंच त्याचें एकुलतें एक अपत्य. दरबारच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे कीं, झाली ती केवळ मुलगी, म्हणून आजोबा तिच्या नामकरणविधीस आलाच नाहीं. धर्मपिता म्हणून उभा राहिला तो फ्रान्सचा युवराज लुई. बापाशीं भांडून तो त्या वेळीं बर्गंडीच्या आश्रयास येऊन राहिला होता. मेरी आठ वर्षांची असतांना तिची आई निवर्तली. तिसरी पत्नी मार्गारेट ही इंग्लंडच्या एडवर्ड राजाची बहीण १४६८ सालीं घरांत आली. तिला मूल झालें नाहीं. परंतु मेरीवर तिनें पोटच्या मुलीसारखी माया केली.

१४६७ सालीं चार्ल्स गादीवर आला आणि दुसऱ्याच वर्षीं बंडखोर लिएज शहर त्यानें लुटून जाळून बेचिराख केलें. मेरीचा हात हें तर त्याच्या राजकारणांतील नेहमींचें आमिष होतें. फ्रान्सच्या राजाचा भाऊ, लोरेनचा ड्यूक, बादशहाचा मुलगा मॅक्झिमिलियन, अशा एकामागून एक वरांना त्यानें आशा दाखविली. कन्यादान मात्र कोणासच केलें नाहीं. १४७३ सालीं ट्रीर येथें बादशहा तिसरा फ्रेडरिक याची त्यानें भेट घेतली. मॅक्झिमिलियनास मेरी द्यावी व मोबदल्यांत आपणांस राजपद मिळावें, असा बेत होता. राज्याभिषेकाची तयारीहि झाली होती. परंतु एके दिवशीं पहाटेच बादशहा होडींत बसून निघून गेला, आणि चार्ल्स तसाच हात हलवीत परत आला.

या अपमानानें तो अधिकच पेटला. त्याच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील मुलुखांच्या मध्यें लोरेन प्रांत येत असे. तो त्यानें १४७५ सालीं जिंकला. नंतर तो स्विस लोकांवर चालून गेला. ग्राँसोंच्या किल्ल्यांतील शरण आलेल्या शिबंदीस, सुमारें ४०० माणसांस, त्यानें फांशीं दिलें वा पाण्यांत बुडविलें. त्याचा सूड स्विसांनीं लगेच घेतला. २ मार्च १४७६ रोजीं तेथेंच त्याचें सैन्य पळालें आणि तोफा, जडजवाहीर सर्व शत्रूच्या हातीं पडलें. २२ जूनला मोरा येथें त्याचीं हजारों माणसें कापलीं गेलीं. तरीहि भर हिंवाळ्यांत त्यानें नान्सीस वेढा घातला. ५ जानेवारी १४७७ रोजीं तेथें तो लढाईंत पडला. दोन दिवसांनीं बर्फांत थिजलेलें एक विवस्त्र प्रेत सांपडलें. त्याचा चेहरा लांडग्यांनीं कुरतडला होता. जुन्या जखमांच्या खुणांवरून ओळख पटली. फ्रेंच लोक त्यास ज्या उपपदानें ओळखतात त्यांत धाडस व अविचार हे दोन्ही अर्थ आहेत; आमच्या मतें तें यथार्थ आहे.

मेरीस विसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. सैन्य नाहीं, खजिना रिकामा. तिचा धर्मपिता आतां अकरावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर होता. त्यानें बर्गंडी प्रांत बळकाविला, आर्त्वांत फौजा घुसविल्या, आणि आपल्या सहा वर्षांच्या मुलाशीं मेरीनें लग्न करावें अशी मागणी केली. बापाच्या करांनीं गांजलेल्या प्रजेनेंहि ही संधि साधली. ११ फेब्रुवारीस गेंट येथें मेरीनें एका मोठ्या सनदेवर संमति दिली. लोकसभेच्या संमतीवांचून युद्ध करूं नये, नवे कर बसवूं नयेत, असें त्या सनदेनें ठरलें. बापानें मोडलेले हक्क मुलीनें परत केले. पुढें तिचें एक खासगी पत्र लुईनें गेंटच्या वकिलांस दाखविलें, असें कोमीन हा बखरकार सांगतो. त्यामुळें शहर खवळलें, आणि तिचे दोन विश्वासू मंत्री, ह्यूगोने व हम्बरकूर, पकडले गेले. मेरी स्वतः चौकांतील जमावापुढें गेली व तिनें त्यांच्या प्राणांची भीक मागितली. तिचें कोणीं ऐकलें नाहीं. ३ एप्रिलला दोघांचाहि शिरच्छेद झाला.

परंतु ती खचली नाहीं. मार्गारेटच्या सल्ल्यानें तिनें मॅक्झिमिलियनासच वरण्याचें ठरविलें, आणि १९ ऑगस्ट १४७७ रोजीं गेंट येथें विवाह झाला. पतीनें १४७९ सालीं फ्रेंचांचा पराभव करून नेदरलंड्सचा बचाव केला. फिलिप व मार्गारेट अशीं दोन मुलें वांचलीं. मार्च १४८२ मध्यें शिकारींत घोड्यावरून पडून मेरी वारली; ती अवघी पंचवीस वर्षांची होती.

मूळ बर्गंडी प्रांत कायमचा गेला, हें खरें. पण बाकीचा बराच वारसा तिच्या मुलाकडे आला. त्या फिलिपचा मुलगा पांचवा चार्ल्स, ज्याला पणजोबाचें नांव ठेविलें होतें, स्पेनचा राजा व जर्मनीचा बादशहा झाला. नात्यानें झालेल्या या जोडणीमुळें फ्रान्स व हॅब्सबर्ग यांचें वैर पिढ्यान् पिढ्या चाललें, आणि नेदरलंड्सच्या लोकांस पुढें स्पेनशीं दीर्घ युद्ध करावें लागलें, हेंहि विसरतां येत नाहीं. तथापि त्या कठीण वर्षीं तिनें घेतलेल्या निर्णयाचा दोष पुढील पिढ्यांच्या कृत्यांवरून तिला देणें न्यायाचें होणार नाहीं.

पांचव्या चार्ल्सनें पणजोबाच्या अस्थि नान्सीहून हलविल्या, आणि ब्रूजच्या देवळांत आज बाप व लेक यांच्या समाधि शेजारीं शेजारीं आहेत. ज्या घराण्यानें तिच्या जन्माचा आनंद मानला नाहीं, त्याचा वंश तिच्यामुळेंच पुढें चालला. मुलीच्या जन्मानें तोंड उतरणाऱ्या घरांनीं, मग तीं कोणत्याहि देशांतील असोत, ही हकीकत एकदां तरी वाचावी असें आम्हांस वाटतें.