कारक विकास, शैशवातील (गडचिरोली–चंद्रपूर)

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, चालणे या हालचाली मूल शिकत जाते, तो त्याचा कारक विकास. बहुतेक मुले नवव्या महिन्यापर्यंत आधाराविना बसतात आणि दीड वर्षापर्यंत चालू लागतात. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूतील दोषामुळे होणाऱ्या हालचालींच्या विकारात, ही वाटचाल रेंगाळते. सहा महिन्यांच्या बाळाला हात धरून उठवताना मान मागे लोंबत राहिली, तर तपासणी करावीच. मात्र एवढ्यावरून सेरेब्रल पाल्सीचे किंवा स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान करू नये.

जन्मताच श्वास कोंडल्यास मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सी उद्भवू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना घरोघरी नवजात बालसेवेचे शिक्षण दिले, मुखवटा व पिशवीने श्वास देणेही त्या पुढे शिकल्या. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. वाचलेल्या बाळाच्या वाढीवरची नजर तितकीच मोलाची आहे. त्यासाठी २०१८ पासूनच्या घरभेटींच्या योजनेत आशा सेविका ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी जातात. विकास रेंगाळलेल्या बाळाला व्यायामाचे उपचार लागतात; पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा आईला शिकवलेले व्यायामच हे उपचार चालू ठेवतात.