कण्यातून आलेलं तेल

बैलगाडीत कणा फिरत नाही, चाक फिरतं. कण्याच्या टोकावर तुंबा चढवलेला असतो आणि सगळं ओझं पेलत तो कण्याभोवती गरगरत राहतो. घासणीची ती जागा कोरडी पडली की चाक कुरकुरायला लागतं. कन्नडहून चाळीसगावला जायचं तर औट्रम घाट उतरावा लागतो आणि परतताना भरल्या गाडीनं तोच घाट चढावा लागतो. अशा वाटेवर वंगण जवळ बाळगल्याशिवाय गाडी जुंपण्यात अर्थ नसे. वंगणाला चालायचं ते एरंडेल. बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल काढून घ्यायचं. तुंब्यात घातलेलं हे तेल घासणीतून वाट काढत, धुळीत मिसळत, काळं होऊन बाहेर गळायचं. गेलेलं तेल परत येत नसे. पुढच्या मुक्कामाला नवं घालायचं.

विमानाच्या इंजिनाची गोष्ट या चाकापासून सुरू करायला कारण आहे. १९०८ साली फ्रान्समध्ये लुई आणि लॉराँ सेगँ या भावांनी 'नोम' नावाचं सात सिलिंडरांचं इंजिन पुढे आणलं. त्यात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला होता, तो हलत नव्हता. त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे लावलेले सिलिंडर मात्र पंख्यासकट गरगर फिरत होते. कणा स्थिर, चाक फिरतं! हेच रोटरी इंजिन. पुढच्या काळातलं रेडियल इंजिनही समोरून असंच फुलासारखं दिसतं, पण त्याचे सिलिंडर जागचे हलत नाहीत.

कल्पना सेगँ बंधूंची पहिलीच नव्हती. त्यांच्या वीसेक वर्षं आधी, १८८९च्या सुमारास, फेलिक्स मिये या फ्रेंच माणसानं पाच सिलिंडरांचं असं इंजिन चक्क दुचाकीच्या मागच्या चाकात बसवलं होतं. रोटरीचा जन्म खरोखरच चाकाच्या तुंब्यात झाला, आणि मला या सगळ्या वंशावळीतली हीच गोष्ट सर्वांत आवडते.

सिलिंडर स्वतःच वाऱ्यात फिरत असल्यामुळे ते आपोआप थंड राहत. पाण्याची टाकी, नळ्या, रेडिएटर यांचं वजनच वाचलं. पन्नास अश्वशक्तीचं नोम साधारण ७५ किलोचं होतं. १९०९च्या ऑगस्टमध्ये रांस इथल्या विमानांच्या मेळ्यात आंरी फार्मान या इंजिनावर १८० किलोमीटर उडाला आणि लांब पल्ल्याचं बक्षीस घेऊन गेला. त्यानंतर युरोपभर नोमची मागणी वाढली. त्याच्यामागून ल रोन आणि क्लेर्जे ही रोटरी भावंडं आली.

फिरत्या चाकात पेट्रोल पोचवायचं कुठून? रस्ता एकच होता, कण्यातून. क्रँकशाफ्ट पोकळ ठेवला. त्यातून हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनाच्या पोटात शिरायचं आणि नोममध्ये दट्ट्याच्या माथ्यावरच्या झडपेतून सिलिंडरात जायचं. वंगणालाही तोच रस्ता, तेच पोट. इथं मोठी अडचण उभी राहिली. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं. पेट्रोलच्या वाफेनं भरलेल्या पोटात त्याचा थर धातूवरून धुऊन निघतो आणि दट्ट्या कोरडा पडून अडकतो. पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारं, तापलं तरी धातूला धरून राहणारं तेल हवं होतं. एरंडेलातला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या रेणूवरच्या हायड्रॉक्सिल गटामुळे ते इतर वनस्पती तेलांहून घट्ट असतं, धातूला चिकटतं आणि पेट्रोलपासून अंतर राखतं.

मराठीनं या झाडाला फारसा मान दिलेला नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणताना त्याच्या ठेंगणेपणाकडे बोट असतं, आणि निष्फळ बडबडीला आपण एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतो. गुऱ्हाळात घातला तर त्यातून रस निघणार नाही हे खरंच. पण त्याच्या बीत काय आहे हे गाडीवानाला ठाऊक होतं.

आता तेलाच्या तापमानाचं. आजच्या मोटारीत तेल खालच्या टाकीत जमतं, पुन्हा वर चढतं, तेच तेल हजारदा तापतं, म्हणून त्याच्या तापण्यावर नजर ठेवावी लागते. रोटरीत तेल परतायला जागाच नव्हती. पंप टाकीतून थोडं थोडं तेल कण्यात ढकलायचा, फिरण्याच्या जोरानं ते बाहेरच्या दिशेला फेकलं जायचं आणि सिलिंडरातून जाऊन धुराबरोबर हवेत उडायचं. प्रत्येक थेंब एकदाच तापायचा आणि उष्णता सोबत घेऊन जायचा. म्हणून वैमानिकाला तेल किती तापलंय यापेक्षा ते येतंय का, हे महत्त्वाचं. त्यासाठी समोर काचेचा छोटा घुमट असे. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातलं तेल वरखाली व्हायचं. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहावी तसं वैमानिक त्या काचेकडे पाहायचा. ठोके मोजून इंजिनाच्या फेऱ्यांचाही अंदाज यायचा. ठोका थांबला तर लगेच खाली उतरायची जागा शोधायची.

थंडीत मात्र तेलाच्या उबेची काळजी घ्यावी लागे. गारठ्यात एरंडेल जाड होतं आणि पंपाला ओढवत नाही, म्हणून पहाटेच्या उड्डाणाआधी मेकॅनिक ते गरम करून टाकीत ओतत. सिलिंडरांची गोष्ट आणखी नाजूक होती. फिरताना पुढची बाजू वाऱ्याला सामोरी, मागची आडोशाला, त्यामुळे एकाच सिलिंडरची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापे आणि त्याचा गोलपणा किंचित बिघडे. त्याच्याशी जुळवून घ्यायला नोम आणि क्लेर्जेच्या दट्ट्यावर पातळ धातूची लवचीक कडी असायची. ती तुटली की इंजिन गेलं. पुढे मोटारींसाठी नावाजलेले डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी यावर अॅल्युमिनियमचे दट्टे आणि आतून लोखंडी अस्तर दिलेले अॅल्युमिनियमचे सिलिंडर वापरून उपाय केला. अॅल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं. बेंटलींचं बीआर-१ इंजिन क्लेर्जेपेक्षा भरवशाचं ठरलं.

मिश्रणाचं काम वैमानिकाच्या डाव्या हाताकडे होतं. ल रोन आणि क्लेर्जेला दोन दांडे असत, एक थ्रॉटलचा आणि दुसरा पेट्रोलची बारीक मात्रा ठरवणारा. एक हलवला की दुसरा आपण होऊन हलत नसे. जोड जुळवायची ती कानानं. मिश्रण दाट झालं तर इंजिन गुदमरायचं आणि काळा धूर सोडून बंद पडायचं. फारच विरळ झालं तर अडखळायचं आणि तापायचं. वर जावं तशी हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं, म्हणून चढताना दांडा हळूहळू मागे घ्यायचा आणि उतरताना पुन्हा पुढे सारायचा.

गुदमरलेलं इंजिन सावरायची रीत धीराची होती. पेट्रोल पूर्ण बंद करायचं, वाऱ्यानं पंखा फिरत राहील इतका वेग ठेवायचा, साचलेलं पेट्रोल निघून जाईपर्यंत काही सेकंद थांबायचं, मग अलगद उघडायचं. उंचावर हे सेकंद मिळतात. सॉपविथ कॅमल या विमानात क्लेर्जेचं मिश्रण उड्डाणानंतर लगेचच विरळ करावं लागे. ते विसरलं तर जमिनीपासून थोड्याच उंचीवर इंजिन गप्प व्हायचं, आणि भरल्या टाकीनं शेपटीकडे जड असलेलं विमान गिरक्या घेत खाली यायचं. शिकाऊ मुलं अशी गेली. एका दांड्याच्या बोटभर हालचालीवर वीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य टांगलेलं असावं, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

उतरताना वेग कमी करायला दांड्यावरचं बटण दाबून ठिणगी क्षणभर तोडत. पण तेवढ्यात पेट्रोल वाहतच असे. ते आवरणात साचलं आणि ठिणगी परत आली की आगीचा लोळ उठू शकायचा. शिवाय तोंडावर सतत एरंडेलाचा फवारा. चष्मा पुसायला गळ्यात रेशमी रुमाल, आणि तासन्‌तास ती वाफ श्वासातून व पोटात गेल्यानं वैमानिकांचे कोठे बिघडत. आपल्याकडे कोठा साफ करायला चमचाभर एरंडेल देणाऱ्या आजीला याचं नवल वाटलं नसतं.

पहिल्या महायुद्धात हे तेल दारूगोळ्याइतकं मोलाचं झालं. इंग्लंडला भारतातलं एरंडेल मिळत होतं, जर्मनीला नाकेबंदीमुळे मिळत नव्हतं. ओबरउर्सेलच्या कारखान्यात ल रोनच्या धर्तीवर बनलेली जर्मन इंजिनं बदली तेलावर चालवावी लागली आणि ती लवकर खराब होत. १९१८ साली अमेरिकेनं आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत भारतातून आणलेलं बी पेरून एरंडाची लागवड करवली, पण बुरशीनं ती बरीचशी गिळली. आपल्या गाडीवानाचं कन्नड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि हे संस्थान एरंडासाठी देशात नावाजलेलं होतं. त्यातला मोठा वाटा तेलंगणातल्या कोरडवाहू रानांचा. त्याच निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वॉड्रनला डीएच-९ए विमानं मिळाली आणि तिला 'हैदराबाद स्क्वॉड्रन' हे नाव पडलं. त्या विमानांना बारा सिलिंडरांचं, पाण्यानं थंड होणारं लिबर्टी इंजिन होतं. रोटरीचे दिवस भरत आल्याची ती खूण होती.

त्या युद्धात उडालेल्या मोजक्या भारतीयांपैकी हरदित सिंग मलिक २८ व्या स्क्वॉड्रनमधून कॅमल चालवत, म्हणजे एरंडेलाचा धूर त्यांनी रोज घेतला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये डॉल्फिनवर होते, ते विमान रोटरीचं नव्हतं. जून १९१८मध्ये फ्रान्सच्या आकाशातून ते पडले आणि अंगार इथल्या दफनभूमीत त्यांची जागा आहे. मराठी घरांत हे नाव फार कमी माहीत असावं याची मला खंत वाटते.

युद्धानंतर रोटरी टिकलं नाही. सिलिंडर हवेत घुसळण्यातच शक्ती खर्च व्हायची आणि फेऱ्या वाढवल्या की ती नासाडी झपाट्यानं वाढायची. स्थिर सिलिंडरांची रेडियल इंजिनं आली, तेल पुन्हा फिरू लागलं, त्याला थंड करायची यंत्रणा आणि तापमापक आले. एरंडेल गेलं असं वाटावं, तर ते रूप बदलून परतलं. एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल बनतं, आणि त्याच्या एस्टरांपासून जेट इंजिनांच्या पहिल्या पिढीची कृत्रिम वंगणं बनली. एरंडाच्या उत्पादनात आज भारत जगात पहिला आहे, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा गुजरातचा.

मूळ रूपातलं एरंडेल अजून काही ठिकाणी उडतं. इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डन इथल्या शटलवर्थ संग्रहात जुनी रोटरी इंजिनं चालवली जातात तिथं, आणि आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये, एरोमॉडेलिंगच्या छोट्या डिझेल इंजिनात. त्याचं इंधन केरोसीन, ईथर आणि एरंडेल यांचं. केरोसीन आणि एरंडेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत, ईथर त्यांना एकत्र आणतं. सेगँ बंधूंना उपयोगी पडलेला तोच स्वभाव. मुलगा पंखा बोटानं फिरवतो, इंजिन धरतं, मग तो इंधनाची सुई किंचित उघडतो आणि आवाज जाड होतो, धूर वाढतो. किंचित मिटतो आणि आवाज टिपेला जातो. टिपेच्या जरा अलीकडे थांबायचं, उडाल्यावर मिश्रण आणखी विरळ होतं, असं शिकवणारे सांगतात. विमान दोऱ्यांवर गोल फिरून उतरतं तेव्हा पंखांवर पिवळसर तेल पसरलेलं असतं. मुलगा ते जुन्या फडक्यानं पुसतो आणि टाकी पुन्हा भरायला घेतो.