गाईचे मातृकुल

खेड्यापाड्यांतून गाय पारखणारा जाणता शेतकरी 'हिची आई कशी होती?' हे आवर्जून विचारतो. गोवंशाचा इतिहास शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनाही अखेर हाच प्रश्न विचारावा लागला.

प्राण्यांच्या पेशींत केंद्रकाबाहेर तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांचा डीएनए वेगळा व आटोपशीर असतो. गाईचा हा लेख १६,३३८ अक्षरांचा असून तो १९८२ साली संपूर्ण वाचला गेला. मौज अशी की, तो अपत्याला आईकडूनच मिळतो. वळूपाशी असलेला त्याच्याबरोबरच संपतो. दप्तरात बापाचे नाव आधी लिहून घेणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांना ही केवळ मातांची नोंदवही चमत्कारिकच वाटावी! पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना तिच्यात क्वचित एखादे अक्षर बदलते. असे फरक मोजले म्हणजे दोन गाईंची समाईक माता किती काळापूर्वी होऊन गेली, याचा अदमास बांधता येतो.

वशिंडाची भारतीय गाय आणि बिनवशिंडाची युरोपीय गाय यांचे मूळ एकच काय, हा वाद जुना आहे. लिनिअसने १७५८ साली त्यांना दोन नावे दिली. डार्विननेही १८६८ च्या ग्रंथात त्या भिन्न मानल्या. तरीही, गुरे पश्चिम आशियात एकदाच माणसाळली व वशिंड मागाहून आले, असे मत पुष्कळ काळ टिकून होते. १९९४ साली लॉफ्टस, ब्रॅडली आदी डब्लिनच्या संशोधकांनी मातांची ही नोंदवही उघडली. दोन्ही कुळे निदान दोन लाख वर्षांपूर्वी फुटलेली निघाली. माणूस गुरे पाळू लागला त्याला दहा हजार वर्षांच्या आसपास झाली. तेव्हा ही फाटाफूट गोठ्यातली नव्हे, रानातली. ऑरॉक्स नावाच्या रानगुरांच्या दोन शाखा दोन ठिकाणी माणसाळल्या. त्यांपैकी भारतीय शाखेचे शास्त्रीय नाव नर्मदेवरूनच पडले आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे १९७४ पासून झालेल्या उत्खननात मिळालेली गुरांची हाडेही याच बाजूने साक्ष देतात. आपल्या गीर, ओंगोल, खिल्लार या गाई तिकडून आलेल्या पाहुण्या नव्हेत.

पण त्याच तपासणीत एक कोडे निघाले. आफ्रिकेतील वशिंडाच्या गाईंचे मातृकुल बिनवशिंडाच्या गुरांचे ठरले! उलगडा असा की, पूर्वेकडून तेथे मुख्यतः वळू गेले असावेत आणि स्थानिक गाईंना त्यांच्यापासून वासरे झाली असावीत. गाईंचा कळप दूरदेशी नेण्यापेक्षा चार वळू नेणे केव्हाही सोपे. पश्चिम आशियातील प्राचीन हाडांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तेथे वशिंडाच्या गुरांचे रक्त झपाट्याने मिसळले, मातृकुले मात्र बहुतांशी जुनीच राहिली.

म्हणून या नोंदवहीला एकट्या साक्षीदारासारखे वागवावे. तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातील गुहेत सापडलेल्या, सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीच्या ऑरॉक्सच्या हाडातील मातृलेख २०१० साली पूर्ण वाचला गेला. तो पाळीव गुरांच्या नेहमीच्या कुळांहून निराळा निघाला. एवढ्यावरून रानगुरांचा आणि आजच्या तेथील गाईंचा संबंधच नाही, असे कोणीही म्हटले असते. पुढे २०१५ साली त्याच हाडातील केंद्रकाचा डीएनए वाचला गेला, आणि ब्रिटन व आयर्लंडच्या गुरांत त्या रानगुरांचा अंश उतरलेला आढळला.